खाट सुटली की विमाही सुटतो

जबलपूरच्या मराठी घरांत पेशंटला डिस्चार्ज मिळत नाही, त्याची ‘छुट्टी’ होते. हिंदीच्या शेजारातून आलेला हा शब्द ऐकायला मोठा मोकळा वाटतो. मानसिक आजारात मात्र छुट्टी पेशंटची होत नाही, विम्याची होते.

समजा, रांझीतले एक घर आहे. वडील एका पुरवठादाराकडे हिशेबनीस, आई शिकवण्या घेते, मुलगा तेवीस वर्षांचा. तीन रात्री न झोपता तो पहाटे ग्वारीघाटाकडे चालत निघाला आणि वाटेत भेटेल त्याच्या हातात नोटा ठेवू लागला, तेव्हा त्याला भरती करावे लागले. निदान झाले बायपोलर डिसऑर्डरचे. बारा दिवस खासगी रुग्णालयात गेले, कॅशलेस मंजूर झाले, घराने हुश्श केले. छुट्टीच्या कागदावर तळाशी तीन औषधांची नावे होती, रक्ताच्या दोन तपासण्या होत्या आणि एक ओळ होती : पंधरा दिवसांनी दाखवावे. पुढे दोन महिन्यांत विम्याचे दार लागले आणि त्या ओळीतून निघणारा खर्च घरावर आला. हे घर काल्पनिक आहे, पण त्याचा हिशेब अनेक घरांना तोंडपाठ आहे.

कारण विम्याचा करार लिहिलेला असतो खाटेभोवती. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसींना किमान चोवीस तासांची भरती लागते. भरतीच्या आधीचे साधारण तीस आणि नंतरचे साठ दिवस, एवढाच ओपीडीचा तुकडा तिच्यासोबत येतो. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे कवच आहे, पण तिथेही भरतीआधीचे ३ आणि छुट्टीनंतरचे १५ दिवसच धरले जातात. नुसती ओपीडी योजनेत बसत नाही. अपेंडिक्सला, डेंग्यूला, मोडलेल्या हाडाला ही मोजपट्टी जमते. मानसिक आजाराचे वेळापत्रक उलटे असते. बहुतेकांना भरती लागतच नाही. लागली तर काही आठवडे. मग वर्षानुवर्षे रोजची गोळी, महिना-दोन महिन्यांनी डॉक्टरांसमोरची खुर्ची आणि समुपदेशकाबरोबरचा पाऊण तास. विमा खाटेचा, आजार खुर्चीतला.

म्हणून घर एका मोठ्या बिलापेक्षा लहान बिलांच्या रांगेनेच अधिक खचते. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये मध्य प्रदेशासह बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर घरे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्च करतात, असे त्यात आढळले. दहा वर्षांपूर्वीचा हा आकडा दिसायला छोटा आहे. पण तो दर महिन्याचा आहे, आणि आजारी माणूस कमावता असेल तर त्याच वेळी घरात येणारा पगारही आटलेला असतो.

पन्नास हजारांची रेघ

भरतीचा खर्च तरी मिळतो, हेही अलीकडचेच. ‘मानसिक विकार वगळून’ हे शब्द पॉलिसीच्या बारीक टायपात वर्षानुवर्षे होते आणि त्यावर कोणी फारसे भांडत नसे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच्या कलम २१(४) मध्ये एक साधे वाक्य आहे : शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर तो मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. विमा नियामक आयआरडीएआयने १६ ऑगस्ट २०१८ रोजी कंपन्यांना तसे कळवले. पुढच्या वर्षी नियामकाने मानसिक आजाराचा उपचार पॉलिसीतून वगळायलाच बंदी केली.

कागद बदलला, सवय तेवढी लवकर बदलली नाही. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक पॉलिसी आली : एकूण कवच ३५ लाखांचे, पण मानसिक आजारांपुढे ५० हजारांची मर्यादा. हृदयाला ३५ लाख आणि मनाला पन्नास हजार! त्याच वर्षी १९ एप्रिलला न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी दुसऱ्या एका प्रकरणात निकाल दिला. स्किझोअफेक्टिव्ह डिसऑर्डरसाठी भरती झालेल्या एका महिलेचा क्लेम सरकारी विमा कंपनीने पॉलिसीतल्या वगळणुकीवर बोट ठेवून फेटाळला होता. कायदा लागू झाल्या दिवसापासून अशी वगळणूक टिकत नाही, असे सांगून न्यायालयाने ३ लाख ९५ हजार रुपये आणि वर दाव्याच्या खर्चाचे २५ हजार द्यायला लावले. तरीही नियामकाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा आदेश काढून सर्व कंपन्यांना ३१ तारखेची मुदत घालावी लागली.

त्या निकालातली एक गोष्ट मथळ्यांत आली नाही. त्या महिलेचे बिल साडेपाच लाखांच्या घरात होते. ३ लाख ९५ हजार ही पॉलिसीची कमाल रक्कम. म्हणजे खटला जिंकूनही दीड लाखाहून अधिक रुपये तिच्याच गाठीचे गेले, आणि खटल्याचा विषय झाला तो फक्त भरतीचा खर्च.

नागपूरची वाट

ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात मनोरुग्णांची दोनच सरकारी इस्पितळे होती : नागपूर आणि जबलपूर. नागपूरचे १८६४ चे, ते आजही प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालू आहे. जबलपूरचे काळाच्या ओघात बंद झाले. १९५६ पर्यंत राजधानीच नागपूर असल्यामुळे कोर्टकचेरी, शाळाखाते आणि दवाखाना या सगळ्यांसाठी जबलपूरकरांची पावले दक्षिणेकडे वळत. नव्या मध्य प्रदेशात जबलपूरला उच्च न्यायालय मिळाले. मोठी मनोरुग्णालये मात्र ग्वाल्हेर आणि इंदूरला. मराठी घरांना आजही पावणेतीनशे किलोमीटरवरचे नागपूर जवळचे वाटते, कारण तिथे आत्या किंवा मामा असतो आणि डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येते. या प्रवासाची किंमत हिशेबात सहसा धरली जात नाही : दोघांचे भाडे, बुडालेला दिवस, आणि पुढच्या वेळी जायचा आलेला कंटाळा. औषध मध्येच सुटते ते पुष्कळदा याच कंटाळ्यापायी.

निम्हान्सच्या सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ भरले ०.०५; केरळात १.२. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण मध्य प्रदेशात ९१ टक्के होते. या आकड्यांसमोर जबलपूरची स्थिती त्या मानाने बरी म्हणायची. नागपूर रस्त्यावरचे नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज १९५५ चे. गावाच्या तोंडी ते नुसते ‘मेडिकल’, आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालयाला जुने लोक अजून ‘व्हिक्टोरिया’च म्हणतात. राज्य सरकारने जिल्हा रुग्णालयांत ‘मन कक्ष’ नावाच्या खोल्या सुरू केल्या आहेत. पहिली चौकशी, समुपदेशन आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवणे हे तिथले काम.

विमा असताना मध्यमवर्गीय घर या दारांकडे फिरकत नाही. रांग मोठी असते आणि ओळखीचे कोणी बघेल ही धास्तीही असते. पण विमा जिथे थांबतो, नेमके तिथून पुढचे काम करण्यासाठी कायद्याने हीच दारे ठेवली आहेत.

गोळीचा हिशेब

त्याच २०१७ च्या कायद्याचे कलम १८ विम्याच्या कलमापेक्षा कमी गाजले आणि रोजच्या जगण्याला जास्त उपयोगी आहे. अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात मोफत आणि कायम उपलब्ध असावीत, असे ते सांगते. त्याला उत्पन्नाची अट नाही. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत सगळेच उपचार मोफत, हातात कार्ड असो वा नसो. आणि कायद्याने ठरवलेली किमान सेवा सरकारने जिल्ह्यात ठेवलीच नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत उपचार घेण्याचा हक्क आहे. तो खर्च सरकारने सोसायचा.

प्रत्यक्षात खिडकीवर ‘ही गोळी संपली’ असे ऐकू येते, तेव्हा दुसरा रस्ता जनऔषधी केंद्राचा. इथे छुट्टीचा कागद जरा जवळून पाहावा. डॉक्टरांनी लिहिलेले असते ब्रँडचे नाव. पट्टी उलटी केली की खाली बारीक अक्षरांत मूळ औषध सापडते : लिथियम कार्बोनेट, रिस्पेरिडोन, फ्लुऑक्सेटिन. जनऔषधीच्या दुकानात याच मूळ नावाने औषध मिळते, आणि बाजारभावाच्या तुलनेत ते ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे ही योजना सांगते. डॉक्टरांना ‘मूळ नाव मोठ्या अक्षरांत लिहून द्या’ एवढे सांगणे, ही कोणत्याही घराला करता येण्याजोगी सर्वांत मोठी बचत. मात्र कंपनी बदलली की ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, आणि एकदा बसलेले औषध महिन्या-महिन्याला बदलत राहू नये.

बचतीची चुकीची जागाही याच कागदावर असते : रक्ताची तपासणी. लिथियम हे जुने, स्वस्त आणि बायपोलरमध्ये अतिशय गुणकारी औषध. पण त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेऊन पातळी बघतात, शिवाय अधूनमधून मूत्रपिंड आणि थायरॉइड. जबलपूरचा मे महिना इथे थेट आडवा येतो. घामाने किंवा जुलाबाने अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते, आणि कालपर्यंत बरोबर असलेली मात्रा आज जास्त ठरू शकते. हात थरथरणे, उलट्या, जीभ जड होणे ही त्याची खूण. क्लोझापिन हे औषध घेणाऱ्यांना तर पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात. खासगी प्रयोगशाळेतल्या या तपासण्या टाळून वाचवलेले पैसे पुढच्या भरतीत व्याजासकट जातात.

बोलण्याची फी

गोळी स्वस्तात मिळू शकते. समुपदेशकाचा पाऊण तास तसा मिळत नाही. खासगीत ही फी दर आठवड्याची आणि सत्रे दहा-बारा, त्यामुळे पैसे कमी पडू लागले की पहिली काट इथेच बसते.

याचे एक उत्तर शोधले गेले गोव्यात आणि मध्य प्रदेशात. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. नैराश्यावरचे बोलणे फक्त पदवीधर तज्ज्ञानेच करायला हवे का, हा तिचा प्रश्न. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या, बिगर-तज्ज्ञ कार्यकर्त्यांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. दिवस कसा जातो ते लिहायचे, सुटलेली कामे एकेक करून पुन्हा धरायची, अडचणीला वाट काढायची, असे त्याचे स्वरूप. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी अशा ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते, नेहमीच्या देखभालीत हे प्रमाण ३९ टक्के होते. पुढे हीच पद्धत भोपाळशेजारच्या सिहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना शिकवण्यात आली.

जबलपूरच्या घराला याचा अर्थ असा की मन कक्षातल्या परिचारिकेशी होणारे बोलणे हा ‘गरिबांचा तोडगा’ नव्हे. नैराश्य आणि चिंतेच्या अनेक रुग्णांना तेवढे पुरते. खासगी समुपदेशकाकडेच जायचे असेल, तर पैशाचे बोलणे पहिल्याच भेटीत करावे. आठवड्याऐवजी पंधरवडा, मध्ये एखादे फोनवरचे सत्र, किती सत्रांनी आढावा घ्यायचा याचा ठराव, हे सगळे विचारण्यात संकोच नसावा. आणि १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा चोवीस तास, मोफत, मराठी-हिंदीसह वीस भाषांत बोलते.

घरच्यांनाही बोलायला कोणी लागते. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाशी वर्षानुवर्षे घरातच सामना केला होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. तिथले स्वमदत गट रुग्ण आणि नातेवाइकांनीच चालवायचे. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटामागेही वाणींचा पुढाकार होता. कुठली गोळी कुठे स्वस्त मिळते, कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो, ही माहिती जितकी अशा गटात मिळते तितकी कोणत्याही पत्रकात मिळत नाही.

नोकरीतले कवच

जबलपूर हे कारखान्यांचे आणि रेल्वेचे गाव. गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, व्हेइकल फॅक्टरी, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. त्यामुळे अनेक घरांत विम्याच्या पॉलिसीहून चांगली गोष्ट आधीच असते आणि ती विसरलेली असते. सीजीएचएस या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत आणि रेल्वे रुग्णालयात ओपीडी आणि रोजची औषधे दोन्ही मिळतात, निवृत्तीनंतरही. खासगी नोकरीत २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा लागू असेल तर तिथेही ओपीडी आहे, आणि आणखी एक तरतूद आहे जी फार थोड्यांना ठाऊक असते. सलग दोन वर्षे विमा असलेल्या कामगाराला ३४ दीर्घ आजारांपैकी एखादा झाला, तर ८० टक्के वेतनाइतका आजारलाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्या यादीत सायकोसिस आहे.

कंपनीचा समूह विमा मात्र नोकरीबरोबर जातो. राजीनामा देण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज केला, तर आधीच्या वर्षांचे श्रेय टिकते; आधीपासूनच्या आजारासाठीची प्रतीक्षा पुन्हा शून्यापासून मोजावी लागत नाही. ही प्रतीक्षा १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने केली आहे. अर्जात मानसिक आजार लपवला, तर नेमक्या गरजेच्या वेळी क्लेम अडतो.

आजार दीर्घ असेल आणि त्याने काम, स्वतःची निगा, नाती आणि संवाद यांवर परिणाम केला असेल, तर या चार गोष्टी मोजून अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. यूडीआयडी म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र मिळते आणि ४० टक्क्यांपासून जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची वजावट. तीव्र असेल तर सव्वा लाख. विरोधाभास असा की नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही १ लाखाची विमा योजना ओपीडी आणि थेरपी दोन्हींचे पैसे देते, पण ती बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगतेपुरती. खुर्चीतल्या उपचाराचा विमा सरकारला उतरवता येतो, हे तिने दाखवून दिले आहे; मानसिक आजार मात्र तिच्या दाराबाहेर राहिला.

भोपाळचा पत्ता

क्लेम नाकारला गेला तर पहिले पत्र कंपनीच्या तक्रार विभागाला. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. पत्रात कलम २१(४) चा उल्लेख आणि नकाराचे पत्र जोडलेले असले की अर्धे काम झाले. न्यायालयात जावेच लागले, तर मानसिक आजार असलेल्याला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क याच कायद्याच्या कलम २७ ने दिला आहे. त्यासाठी १५१०० हा नंबर.

रांझीच्या त्या घरात सहा महिन्यांनी वडिलांनी विचारले असेल : मग विम्याचा हप्ता भरायचाच कशाला? हिशेबनिसाला शोभणारा प्रश्न. उत्तर त्यांच्याच वहीत आहे. गोळ्या जनऔषधीच्या, दाखवणे मेडिकलच्या ओपीडीत, बोलणे मन कक्षात, म्हणून महिन्याचा खर्च आवाक्यात आला. पण पुन्हा झोप उडाली आणि खाट लागली, तर बारा दिवसांचे बिल वही पेलणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे. हप्त्याची तारीख चुकली आणि सवलतीचे दिवसही टळले, तर आधीची सगळी प्रतीक्षा वाया. म्हणून आईने कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल काढला आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निळ्या शाईने आणखी एक नोंद आहे : लिथियम तपासणी, उन्हाळा चढायच्या आत, सकाळी, गोळीच्या आधी.